सफर, शिकारखाना व आफ्रिकेचे चित्ते

गेल्या वैशाखांत आमचा एक जुना विद्यार्थी पुण्याहून कुरुंद्यास आला असतां दोन वस्तु घेऊन आमच्याकडे आला. पहिली वस्तु म्हणजे आफ्रिकेंतील वन्य पशु पाहण्याच्या प्रवासाची एक रंगीत चोपडी. असा प्रवास कुटुंबासह करण्याचा त्याचा बेत होता. दुसरी वस्तु म्हणजे त्याला जुन्या बाजारांत मिळालेलें एक छायाचित्र. त्यांत बैलगाडीवर एक चित्ता बसलेला असून त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी आहे व शेजारीं त्याचा राखणदार उभा आहे. पाठीमागें शाईनें 'कोल्हापूर, १९३५, देशी चित्ता' एवढींच अक्षरें लिहिलेलीं आहेत. विद्यार्थ्यानें विचारलें तें चोपडीविषयीं. 'सफारी' या शब्दास मराठींत काय म्हणावें, आणि आपल्या पूर्वजांनीं असा उद्योग कधीं केला होता काय? छायाचित्राविषयीं त्याला कांहींच विचारावयाचें नव्हतें. पाठीवर लिहिलेलें तो खरें मानून चालला होता. आमचें मन मात्र त्यांतील 'देशी' या शब्दापाशीं अडलें. एका प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां दुसऱ्याचेंही उत्तर हातीं लागलें, म्हणून दोहोंचा विचार येथें एकत्रच करीत आहों.

प्रथम शब्दाकडे वळूं. आमच्या भागांत 'सफारी' म्हणजे अर्ध्या बाह्यांच्या कोटाचा व त्याच कापडाच्या विजारीचा पोषाख. एके काळीं गांवोगांवचे पुढारी तो अंगांत घालून मिरवीत. प्रवासाच्या अर्थानें हा शब्द आला तो पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली भाषेंतून, आणि स्वाहिलींत तो आला अरबी 'सफर' या शब्दावरून. हाच अरबी शब्द फारसीच्या वाटेनें शेंकडों वर्षांपूर्वीं मराठींत येऊन बसला आहे. तेव्हां इंग्रजांनीं आफ्रिकेंत उचललेला व पुनः आपल्याकडे आणून विकलेला हा शब्द म्हणजे आपल्याच सफरीचा दूरच्या नात्यांतील भाऊ होय. गंमत अशी कीं त्याच आफ्रिकेंतील एका पशूचें इंग्रजी नांव येथून तिकडे गेलें आहे. 'चीता' हें नांव संस्कृत 'चित्रक', म्हणजे ठिपक्यांचा, यापासून हिंदुस्थानींत आलें व तेथून इंग्रजांनीं घेतलें. स्वाहिलींतील 'दुका' म्हणजे आपलें दुकान, आणि 'गारी' म्हणजे आपली गाडी, हेंही जातां जातां नोंदवून ठेवावें. हिंदी महासागराच्या दोन्ही तीरांची अशी देवघेव जुनी आहे. ज्या मलिक अंबरानें १६१० त खडकी, म्हणजे पुढें औरंगाबाद झालेलें नगर, वसविलें, तो हबसाणांत जन्मलेला होता हें मराठवाड्याच्या वाचकांस सांगावयास नको.

आतां दुसरा प्रश्न. वन्य पशूंच्या सहवासाचें सुख घ्यावें, पण जीव धोक्यांत घालूं नये, ही योजना किती जुनी आहे? कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दुसऱ्या अधिकरणाच्या दुसऱ्या अध्यायांत तिचा आराखडाच सांपडतो. राजाच्या विहारासाठीं एक मृगवन करावें. त्यास एकच दार असावें. भोंवतीं खंदक असावा. आंत गोड फळांचीं झाडें व झुडपें असावीं, पण कांटेरी वृक्ष नसावेत. पाण्याचीं डबकीं उथळ असावीं. हरिणें माणसाळलेलीं असावीं, आणि हिंस्र पशूंचीं नखें व दाढा मोडून टाकलेल्या असाव्यात. याहून अधिक सुखासीन मृगया कोणत्या राजानें कल्पिली असेल? परंतु त्याच्या पुढचें वाक्य आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. राज्याच्या सीमेवर, किंवा जमीन असेल त्या मानानें, दुसरें एक मृगवन करावें, आणि त्यांत सर्व पशु अतिथि असावेत, असें तेथें म्हटलें आहे. आजची भाषा वापरावयाची तर एक राजवाड्याजवळचें थाटामाटाचें वन, आणि दुसरें रुळलेल्या वाटेपासून दूरचें. आणि या दूरच्या वनांत पशु कोणाच्या मालकीचे नाहींत, ते पाहुणे आहेत. याच अधिकरणांत पुढें सूनाध्यक्षाच्या प्रकरणीं, अभय दिलेल्या वनांतील पशु, पक्षी वा मासे पकडणारास व मारणारास सर्वांत मोठा दंड सांगितला आहे. आठव्या अधिकरणांत मृगया हें राजाचें व्यसन म्हणून येतें खरें. पण द्यूत व मृगया यांत वाईट कोणतें या वादांत कौटिल्य मृगयेच्या बाजूनें उभा राहतो, कारण तिच्यांत व्यायाम आहे, चल व अचल लक्ष्यावर नेमबाजीचा सराव आहे, आणि क्रोध व भय यांच्या भरांत पशूंचें मन कसें चालतें त्याचें ज्ञान आहे.

कौटिल्यानें वन सांगितलें. खेळाचा तपशील आमच्याच भागावर सत्ता असलेल्या एका राजानें लिहिला. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' ऊर्फ 'अभिलषितार्थचिन्तामणि' हा ग्रंथ शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या, सुमाराचा आहे. कल्याणी म्हणजे आजचें बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. त्या राजधानीची सत्ता मराठवाड्यावर होती, व तिच्यानंतर देवगिरीच्या यादवांची आली. या ग्रंथाच्या पांच विंशतींपैकीं विनोदांच्या विंशतींत मृगयाविनोद पंधरावा येतो. त्याच्या आधीं कुत्र्यांचा, ससाण्यांचा व माशांचा असे तीन विनोद आहेत, आणि मृगयेचे एकतीस प्रकार सांगितले आहेत. पाणवठ्याजवळ दबून बसणें, पाळीव हरिणाच्या मिषानें रानटी हरिण जवळ आणणें, कुत्रे सोडणें, आणि चित्ता सोडणें हे त्यांपैकींच. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं या ग्रंथाचे पहिले दोन भाग १९२५ व १९३९ सालीं प्रसिद्ध केले. चित्ता सोडून करावयाच्या मृगयेचा संस्कृतांतील जुना व सविस्तर पुरावा म्हणून या प्रकरणाचें मोल मोठें आहे, आणि तो पुरावा दख्खनचा आहे. मोंगलांनीं ही विद्या इकडे आणली, असें सांगणारांनीं हें प्रकरण एकदां तरी वाचावें.

मोंगलांच्या काळीं तिचा थाट वाढला, यांत संशय नाहीं. अबुल फजलानें 'ऐने अकबरी'त चित्ते धरण्याची, शिकविण्याची व त्यांच्या खुराकाची व्यवस्था लिहिली आहे. समंद माणिक नांवाचा एक चित्ता चौडोलांतून मिरवीत नेला जाई व त्याच्या पुढें नगारा वाजे. अकबरानें हजार चित्ते जमविले होते असें जहांगीर आपल्या आत्मचरित्रांत लिहितो. त्याच ठिकाणीं त्यानें एक गोष्ट नवल म्हणून नोंदविली आहे. एरव्हीं बंदिवासांत चित्त्यांची जोडी जमत नाहीं. परंतु त्याच्या वेळीं एक जोडी जमली व तिला तीन पिलें झालीं. ही नोंद आमच्या मतें साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. कारण त्यानंतर बंदिवासांत चित्त्याचा जन्म झाल्याची पुढची नोंद सांपडते ती थेट १९५६ सालची, अमेरिकेंतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयांतील.

याचा अर्थ काय होतो? हत्तीची गोष्ट वेगळी नाहीं, पण हत्ती पन्नास साठ वर्षें चाकरी करतो. चित्ता फार थोडीं वर्षें टिकतो. शिवाय पिलूं पकडून उपयोग नाहीं. आईजवळ राहून शिकार शिकलेला वाढता चित्ताच फांस लावून धरावा लागे. मग त्यास दोऱ्यांनीं बांधून, उपास घडवून, माणसांच्या गलबल्यांत बसवून माणसाळवीत. शिकारीच्या दिवशीं डोळ्यांवर टोपी घालून गाडीवरून काळविटांच्या कळपाजवळ न्यावयाचें, कारण बैलगाडीस हरिणें बुजत नाहींत. टोपी काढली कीं चित्ता उतरून दबकत पुढें सरे व एकदम झेप घेई. कांहीं शें यार्डांत काळवीट सांपडलें तर सांपडलें. न सांपडल्यास तो फुकट धांवत नसे. सांपडल्यावर राखणदार पळीभर रक्त वा मांसाचा तुकडा देऊन शिकार सोडवी व टोपी पुनः चढवी. १८६० नंतरच्या दशकांत खंडेराव गायकवाडांचा पाहुणा असलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशानें बडोद्यास अशी शिकार पाहून तिचें वर्णन केलें आहे. म्हणजे मरणाऱ्या प्रत्येक चित्त्याच्या जागीं नवा चित्ता रानांतूनच आणावयाचा, आणि तोही धष्टपुष्ट व वयांत आलेला. हें शतकानुशतकें चालल्यावर रानें रितीं झालीं, माळरानें नांगराखालीं आलीं व हरिणें कमी झालीं. त्यांत बंदुकीची भर पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशी चित्ता दुर्मिळ झाला होता.

आतां कोल्हापुराकडे येतों. राजर्षि शाहू छत्रपति (१८७४ ते १९२२) यांची शिकारीची आवड प्रसिद्ध आहे; दाजीपूरचें त्यांचें शिकारीचें रान १९५८ त गव्यांचें अभयारण्य झालें. त्यांच्यामागें राजाराम महाराज १९४० पर्यंत गादीवर होते. या दरबारानें चित्त्यांची शिकार अखेरपर्यंत जिवंत ठेविली, पण चित्ते आणावयाचे कोठून? तर आफ्रिकेंतून, केनियांतून. दिव्यभानुसिंह यांनीं १९९५ त 'द एंड ऑफ अ ट्रेल' हा चित्त्याचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यांत सांगितल्याप्रमाणें १९१८ ते १९४५ या काळांत आफ्रिकेंतून सुमारें दोनशें चित्ते या देशांत आले, आणि ते मागविणाऱ्यांत भावनगर व कोल्हापूर हीं संस्थानें प्रमुख होतीं. आमच्या विद्यार्थ्याच्या छायाचित्रावर १९३५ साल आहे. तेव्हां पाठीवर 'देशी' असें लिहिणारानें कोल्हापूरचा म्हणून देशी, एवढाच विचार केला असावा. आशियाई व आफ्रिकी चित्त्यांत फरक आहे, पण तो जुन्या, अंधुक छायाचित्रावरून ओळखणें दुष्कर आहे; म्हणून निर्णय सालावरून व संस्थानावरूनच करावा लागतो. तसा केल्यास तो पशु आफ्रिकेचा असण्याचा संभव फार मोठा आहे. तो देशी होता असें ज्याला म्हणावयाचें असेल, त्यानें तो कोणत्या रानांत धरला याचा कागद दाखवावा.

हा नुसता चिठ्ठीचा वाद नव्हे. भारतांतील अखेरच्या चित्त्यांचीं म्हणून जीं छायाचित्रें संग्राहकांच्या हातीं फिरतात, त्यांत कोल्हापूरचीं बरींच असतात, व तीं पाहून १९४० पर्यंत महाराष्ट्रांत देशी चित्ता नांदत होता असा समज पसरतो. वस्तुतः देशी चित्ता आपल्या माळांवरून नाहींसा झाला होता म्हणूनच तर समुद्रापलीकडून चित्ता आणावा लागला. १९४७ त कोरिया संस्थानच्या महाराजांनीं एका रात्रीं मोटारीच्या दिव्यांच्या उजेडांत तीन नर चित्ते मारले. देशी चित्त्याचा हा अखेरचा निश्चित दाखला मानतात. १९५२ त तो नामशेष झाल्याचें जाहीर झालें. आतां आशियाई चित्ता इराणांत, तोही मोजकाच, उरला आहे.

दुसरी एक चूक याहून साधी आहे. 'चित्ता' हा शब्द खेड्यापाड्यांत बिबट्यास सर्रास लावतात, वर्तमानपत्रेंही लावतात. म्हणून जुन्या कागदांत 'चित्ता मारिला' असें आढळलें कीं तो खरा चित्ता मानूं नये. चित्र वा छायाचित्र हातीं असेल तर खूण सोपी आहे. चित्त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ ओघळल्यासारखी असते व अंगावरचे ठिपके भरीव असतात; बिबट्याला ती रेघ नसते व त्याचे ठिपके फुलासारखे, मध्यें मोकळे असतात.

चित्ते ज्या देशांतून आले, त्याच देशांत याच सुमारास गोऱ्या शिकाऱ्यांची सफर भरांत होती, आणि तिच्यांतही आपले लोक होते, पण वेगळ्या नात्यानें. मोंबासाहून सरोवराकडे जाणारा युगांडा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळांत बांधला गेला, तो मुख्यत्वें हिंदी मजुरांच्या बळावर. सुमारें बत्तीस हजार माणसें येथून नेलीं व त्यांतील अडीच हजारांच्या आसपास तेथेंच मेलीं. १८९८ त त्सावोच्या पुलावर नरभक्षक सिंहांनीं ज्यांस ओढून नेलें, त्यांत हेच मजूर होते. १९०९ त अध्यक्षपद सोडल्यावर थिओडोर रूझवेल्ट आपल्या पुत्रासह मोंबासास उतरला व याच मार्गानें आंत गेला. त्या दोघांनीं मिळून पांचशें बारा पशु मारले, आणि साहित्य वाहण्यास हमालांची मोठी रांग होती. वाटेवरच्या मुक्कामांस लागणारें पीठ, मीठ, कापड पुरविणाऱ्या अलीदिना विश्रामासारख्या कच्छी व्यापाऱ्यांचीं दुकानें देशाच्या आंतपर्यंत पसरलीं होतीं.

असल्या प्रवासाची व्यवस्था आपल्या जुन्या राज्यांत कोणाच्या शिरावर असे, तें अठरा कारखान्यांच्या यादीवरून कळतें. शिवकालीन यादींत शिकारखाना आहेच. पण शिकारीस निघावयाचें म्हणजे एकट्या शिकारखान्यानें भागत नाहीं. तंबू, कनाती व बैठकी फरासखान्याच्या; पाणी आबदारखान्याचें; स्वयंपाक मुदबखखान्याचा; ओझ्यास उंट हवे असतील तर ते उष्टरखान्याचे. आमच्या विद्यार्थ्याची रंगीत चोपडी आम्हीं उघडून पाहिली, तों हेच कारखाने आम्हांस तेथें भेटले. कापडी तंबूंत पलंग व न्हाणीघर, रानाच्या मध्यावर पांढऱ्या चादरीवर वाढलेलें जेवण, ऋतूप्रमाणें हलणारा मुक्काम. बदलला आहे तो एकटा शिकारखाना: बंदुकीच्या जागीं दुर्बीण व छायाचित्राचें यंत्र आलें. केनियानें १९७७ त शिकार बंदच केली.

त्याने आमचा सल्ला विचारला, आम्हीं दिला. प्रवास न करणाऱ्यानेंही सल्ला द्यावा अशी शिक्षकाची खोड असते. मसाई मारा व सेरेंगेटी येथें जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान गवतखाऊ नू पशूंचे कळप मारा नदी ओलांडतात. तें पाहण्यास सारें जग लोटतें व गाड्यांची दाटी होते. ज्याला कौटिल्याचें सीमेवरचें वन पाहिजे, त्यानें टांझानियांतील रुआहा किंवा कटावी, झांबियांतील लुआंग्वा नदीचें दक्षिण खोरें, किंवा चाडमधील झाकूमा पाहावें. तेथें माणूस विरळा. लुआंग्वाच्या खोऱ्यांत तर पायीं चालत पशु पाहण्याची रीत आहे, आणि ती नॉर्मन कार या वनाधिकाऱ्यानें १९५० नंतर रूढ केली. अशा ठिकाणीं लहान विमानानें जावें लागतें, खर्च वाढतो, पावसाळ्यांत वाटा बंद होतात. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधीं टोचून घेऊन तिचा दाखला जवळ ठेवावा, नाहीं तर परततांना आपल्याच देशाच्या दारांत अडकून पडावें लागेल. हें सर्व त्यानें वहींत उतरून घेतलें. आम्हीं त्याला एवढेंच बजावलें कीं तेथें चित्ता दिसला तर तो कोल्हापूरच्या चित्त्यांचा भाऊबंद आहे हें विसरूं नये.

आतां उलट प्रवासाचाही आरंभ झाला आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजीं नामिबियांतून आठ, आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतून बारा चित्ते मध्य प्रदेशांतील कुनो येथें आले. २०२३ च्या मार्चांत तेथें पिलेंही जन्मलीं. वर्तमानपत्रांनीं आफ्रिकेचा चित्ता प्रथमच भारतांत आला असें कोठें कोठें लिहिलें. तें कोल्हापूर व भावनगर यांच्या कागदांनीं खोटें ठरतें. त्या पूर्वींच्या दोनशें चित्त्यांपैकीं एकही वंश मागें राहिला नाहीं, कारण ते गाडीवर बसविण्यासाठीं आणले होते, रानांत सोडण्यासाठीं नव्हे. हा भेद दोन्ही प्रसंगांची तुलना करणारानें आधीं मांडला पाहिजे.

एक गोष्ट आमच्या मनास विशेष लागून राहिली आहे. सोमेश्वरानें ग्रंथ लिहिला, अबुल फजलानें लिहिला. परंतु ज्यांनीं चित्ते धरले व शिकविले त्यांच्या हातचें एक अक्षरही आम्हीं पाहिलेलें नाहीं. रसेलनें १९१६ च्या आपल्या मध्यप्रांताच्या जातिवर्णनांत पारध्यांच्या भेदांत चित्तेवाले सांगितले आहेत. आमच्या मराठवाड्यांत पारध्यांचीं पालें आजही आहेत. ज्या कौशल्यावर दरबारची शोभा होती, तें कौशल्य असणाऱ्यांच्या समाजास इंग्रजी कायद्यानें गुन्हेगार ठरविलें. शाहू महाराजांनीं मात्र फासेपारध्यांस चाकरीस ठेविलें व हजेरीची पद्धति आपल्या राज्यांतून उठविली. आफ्रिकेचा चित्ता येथील राखणदारांनीं कसा शिकविला, देशी चित्त्याहून तो सोपा गेला कीं अवघड, त्यास किती महिने लागले, हें सांगूं शकणारे आतां नाहींत. उरले असतील तर हिशेबाचे कागद.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई राज्यांत विलीन झालें, त्या वेळीं व त्यानंतर दरबारी व खाजगी कागद अनेक घरांत पांगले असणें संभवनीय आहे. सनद व वंशावळ असलेला कागद संग्राहक हौसेनें जपतो. मांसाचा, दोरखंडाचा, चामड्याच्या टोप्यांचा, गाडीभाड्याचा वा जहाजाच्या नोराचा हिशेब असला कीं तो किरकोळ म्हणून रद्दींत जातो. १९१८ ते १९४५ या वर्षांतील असे कागद कोणाजवळ असतील, किंवा राखणदारांचीं नांवें लिहिलेलीं छायाचित्रें असतील, तर त्यांच्या प्रति काढून या त्रैमासिकाकडे पाठवाव्या. मूळ कागद मालकाजवळच राहील. छायाचित्राच्या पाठीवरचा मजकूर खोडूं नये. चुकीचा वाटला तरीही खोडूं नये. आमच्या विद्यार्थ्याच्या छायाचित्रावर 'देशी' हा शब्द आम्हीं तसाच राहूं दिला आहे, व खालीं पेन्सिलीनें प्रश्नचिन्ह केलें आहे.